लढाई सरदारांची, झळ रयतेची

शाळेत मुले लढायांच्या सनावळ्या घडाघड म्हणतात. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३, आडगावची २९ नोव्हेंबर १८०३. दोन्ही इंग्रज सेनापती वेलस्लीने जिंकल्या. पुढे १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा तो हाच. एवढ्यावर धडा संपतो. पण तोफा ओढणारे बैल कोणाचे? घोड्यांना नाल कोणी ठोकले? दाणागोटा कोणी पिकविला, कोणी वाहिला? शेतकरी, लोहार, चांभार, वंजारी यांचे धड्यात नावही नाही!

१५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहात नागपूरकर रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड सोडला. पुढे तो निजामाकडे गेला. आमची आंजी अलीकडे राहिली. पलीकडे दिलेल्या लेकी परमुलखात गेल्या. रयतेला कोणी विचारले?

उलट शिवाजी महाराज पाहा. १६७३ साली चिपळूणच्या छावणीस त्यांनी लेखी ताकीद दिली की, दाणावैरण बाजारातून दाम देऊन घ्यावी, रयतेच्या भाजीलाही हात लावू नये. म्हणूनच मावळ्याला ते राज्य आपले वाटले.

तेव्हा बंधूंनो, कोण जिंकला हे मुलांना जरूर शिकवा. पण त्यापायी रयतेचे काय झाले, हेही विचारावयास शिकवा. आज रणगर्जना करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यालाही हाच सवाल करा.