भिंत मोठी की स्प्रे?

सिएटलला जॉब करणारी माझी मैत्रीण परवा फोनवर अगदी सहज म्हणाली, 'ऑफिसच्या फर्स्ट-एड बॉक्समध्ये आता नारकॅनपण असतं.' मी उडालेच. नारकॅन म्हणजे नॅलोक्सोनचा स्प्रे. फेंटॅनिलचा ओव्हरडोस झालेल्याच्या नाकात वेळेत मारला, तर बंद पडत चाललेला श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो. अमेरिकेत २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो.

खरी गोची आहे फेंटॅनिलच्या साइजची. हेरॉइनपेक्षा सुमारे ५० पट स्ट्राँग. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, जीव घेऊ शकतात. आता एवढीशी पूड अडवणार कशी? चीनने २०१९ मध्ये फेंटॅनिलच्या सगळ्या प्रकारांवर बंधनं आणली, तर कच्ची केमिकल्स मेक्सिकोला जायला लागली आणि माल तिथे बनायला लागला. बॉर्डरवर जो पकडला जातो, तो बहुतेक अधिकृत नाक्यांवरच, गाड्यांमध्ये लपवलेला. (भाषणांत मात्र भिंतच हिट!)

२०२२ मध्ये तिथे सगळ्या ड्रग्जच्या ओव्हरडोसने १ लाखाहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. का, यावर एक्स्पर्ट्स अजून भांडतायत. माझं मत विचाराल तर स्प्रेला. पण दुकानात दोन डोसचं पाकीट आलं ते ४५ डॉलरच्या आसपास, आणि ज्याला ते सगळ्यात आधी हवं, त्याच्या खिशात तेवढे कुठले असायला? काही ठिकाणी ते फुकट वाटतात. बजेट असेपर्यंत.