नेपल्सच्या भट्टीवर दुसऱ्यांदा

मंडळी, २०१८ साली आम्ही दोघं धाकट्या लेकीकडे इटलीला गेलो होतो, तेव्हा नेपल्समधल्या पिझ्झाच्या एका जुन्या दुकानाबद्दल याच पानावर लिहिलं होतं. त्यावर एका बाईंनी पत्रातून विचारलं, "भाकरीवर टोमॅटो थापला की झालं, त्यात एवढं काय?" २०२४ च्या मे महिन्यात तिथं पुन्हा जाणं झालं, तेव्हा ते पत्र माझ्या डोक्यात होतं.

या खेपेला मी एकटीच. घरी दोन म्हशी, धारा काढायला गडी मिळेना, म्हणून हे मागं राहिले. म्हशी विकायचं घरात ठरल्यातच जमा होतं; व्यापारी येऊन बघूनही गेला होता.

दुकानाचं नाव दा मिकेले. कोंदुर्रो घराण्यानं १८७० साली हा धंदा सुरू केला आणि १९३० पासून तो याच जागेत आहे. दारात नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि रस्त्यावर उभं राहायचं. आत संगमरवरी टेबलं, नखरा काही नाही. मान दोनच पिझ्झांचा: मारिनारा आणि मार्गेरिता.

मी मुद्दाम भट्टीसमोर बसले. आपण भाकरी थापतो ती कडेपर्यंत सारखी. इथला कारागीर कणकेचा गोळा मधून दाबत जातो आणि कड तशीच ठेवतो, म्हणून ती भट्टीत फुगते. लाटण्याला हात नाही. आंबवलेली गव्हाची कणीक ताणली की ताणते. आपल्या ज्वारीला ते जमायचं नाही, तिला चिकाटीच नाही. लाकडाच्या भट्टीचा तळ ४८५ अंशांच्या घरात तापलेला, त्यामुळं पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. नजर हलली की करपला. नेपल्सच्या या कारागिरीची युनेस्कोनं २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. बाई, उत्तर मिळालं ना?

मागच्या खेपेला पिझ्झा मधे ओलसर दिसला म्हणून हे "कच्ची राहिलीय" म्हणत परत द्यायला उठले होते. लेकीनं हात धरून बसवलं. मग यांनी एक संपवून दुसरा मागवला!

मी आधी मारिनारा घेतला. टोमॅटो, लसूण, तेल आणि ओव्याच्या जवळपास जाणाऱ्या वासाचा ओरेगानो; चीज अजिबात नाही. मग मार्गेरिता. आणि इथं मला तुमची माफी मागायची आहे. यावरचं चीज म्हशीच्या दुधाचं, असं मी तेव्हा लिहिलं होतं. ते गाईच्या दुधाचं निघालं. म्हशीचं मोझरेला वेगळं आणि महाग.

ते बघायला दुसऱ्या दिवशी लेकीनं सालेर्नोच्या पुढं एका गोठ्यावर नेलं. म्हशी आपल्यासारख्याच काळ्या, तशाच हट्टी. दुधाचा घट्ट चोथा उकळत्या पाण्यात घालून ताणायचा, चकाकी आली की हातानं तोडून गोळे करायचे. त्या भागातल्या म्हशींच्याच दुधाचं असेल तरच ते नाव लावता येतं. १९९६ पासून युरोपात तसं संरक्षण आहे. गोठ्याच्या दारातच विक्री चालू होती. आपण डेअरीत दूध ओततो, फॅट बघून पैसे घेतो आणि घरी येतो. पुढं त्या दुधाचं काय होतं, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. अर्थात हे चीज नाशिवंत. जवळ गिऱ्हाईक नसेल तर दोन दिवसांत हात चोळत बसायची पाळी.

दुपारी एकला यांना फोन लावला. आपल्याकडं साडेचार, धारेची वेळ. सगळं सांगितलं. बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. बराच वेळ हे काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "व्यापारी उद्या यायचाय. त्याला पंधरा दिवसांनी ये म्हणतो. तू ये आधी."