आधी भिंत बघा, मग घण उचला

"पाडून टाका. नवं बांधलेलं स्वस्त पडेल." संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या पडक्या गोठ्याकडे बघून तिन्ही कंत्राटदारांनी हेच ऐकवलं. भिंतीला हात लावायची तसदी एकानेही घेतली नाही. गुरं गेल्यावर गोठा वीस वर्षं बंद होता. कौलं फुटली, वासे वाळवीने खाल्ले. जांभ्याची दीड फुटी भिंत मात्र जागची हलली नव्हती. आज तिथे आम्ही पाच माणसं राहतो.

म्हणूनच 'पर्यावरणपूरक' फार्महाउसच्या जाहिराती वाचून माझा संताप होतो. उभं घर जमीनदोस्त करायचं, त्यावर सिमेंटचा स्लॅब ओतायचा आणि स्लॅबवर सौरपट्ट्या लावून निसर्गप्रेम मिरवायचं, ही शुद्ध फसवणूक आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. आमचा चिरा खाणीतून कधीच निघालाय, त्याची किंमत पणजोबांनी चुकवली आहे. तो फोडून राडारोडा करणं हा गुन्हा आहे.

दुसरा गुन्हा सिमेंटच्या गिलाव्याचा. जांभा सच्छिद्र; पावसाळ्यात ओल पितो, उन्हाळ्यात सोडतो. गवंड्याच्या हट्टापायी एक भिंत सिमेंटने लिंपली, ती पुढच्याच श्रावणात फुगली. सगळं खरवडून चुना लावला. चुना ९०० अंशांच्या आसपास भाजतो आणि भिंतीवर घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो. त्याला मुरायला वेळ द्यावा लागतो, आणि कंत्राटदाराला नेमका तोच द्यायचा नसतो.

गोठ्याचं घर करणं सोपं नाही. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्राने भिंतीच्या पायाशी लोणा धरतो. आम्ही दीड फूट माती उपसून कलमांना घातली आणि खालचा गिलावा दोनदा बदलला. कष्ट पडले, पण ते गावातल्याच हातांचे होते आणि पैसाही गावातच राहिला.

सरकारदरबारी मातीची भिंत म्हणजे 'कच्चं' घर. आमचा दगड जांभ्याचा असला तरी सांधे मातीचे, म्हणून हाच शब्द तोंडावर फेकून एका बँकेने आमचा कर्जाचा अर्ज परत केला. माती, चुना आणि जुनी दारं-खिडक्या वापरून केरळात घरं उभारणाऱ्या लॉरी बेकरांना याच देशाने १९९० मध्ये पद्मश्री दिली. सन्मान बेकरांना आणि कर्ज स्लॅबला, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे.

तुमच्या गावी असा गोठा असेल तर या मे महिन्यात जा. घर बांधायचं पुढे ठरवा. आधी छप्पर शाकारून घ्या. डोक्यावर कौल असेपर्यंत जांभ्याची भिंत टिकते. एकदा माथ्यातून पाणी शिरलं की सांध्यांतली माती वाहून जाते, आणि मग पाडायला कुणाला बोलवावंही लागत नाही.