सव्वातीन टक्क्यांचा हिशेब

भोसरीच्या एमआयडीसीत भिंतीला भिंत लागून दोन प्रेस शॉप आहेत असे समजू. एका मालकाने प्रत्येक प्रेसला जाळीचा गार्ड बसवला आहे, जॉब उचलायला चिमटे दिले आहेत, पायाच्या पॅडलवर झाकण घातले आहे, आणि नवा हेल्पर पहिले काही दिवस जुन्या कारागिराशेजारी नुसता उभा राहून काम पाहतो. शेजारच्या शॉपमध्ये गार्ड काढून कोपऱ्यात टाकले आहेत, कारण गार्ड लावला की तासाला जॉब कमी निघतात असे सुपरवायझरचे म्हणणे. महिनाअखेरीस हे दोन्ही मालक कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजे आपल्या बोलीतल्या ईएसआयकडे, वेतनाच्या सव्वातीन टक्के वर्गणी भरतात. दर दोघांनाही एकच. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने हा दर पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीनवर आणला, तेव्हा कामगारांची बोटे राखणाऱ्याला जेवढी सवलत मिळाली, तेवढीच ती घालवणाऱ्यालाही मिळाली.

कामगार सुरक्षा परवडत नाही, नियम पाळायला खर्च येतो, छोटा उद्योजक त्यात पिचून जातो, हे गाऱ्हाणे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे कोणी म्हणणार नाही. पण खर्च नेमका कशावर होतो आणि तो कोणाच्या माथी पडतो, हे एकदा नीट मांडून पाहिले पाहिजे. ईएसआयच्या छत्राखालचा कामगार कामावर जखमी झाला की उपचार महामंडळ करते, तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के भत्ता देते, बोट कायमचे गेले तर आयुष्यभर पेन्शन देते. त्याच अपघातासाठी मालकाकडे कायद्याने वेगळी भरपाई मागता येत नाही. कामगाराला पैसे हमखास मिळावेत या चांगल्या हेतूने १९४८ मध्ये ही रचना झाली आणि त्या हेतूला आमचा विरोध नाही. मात्र तिच्या पोटात एक खोट राहिली. निष्काळजी मालकाच्या शॉपमध्ये तुटलेल्या बोटाची पेन्शन ज्या सामायिक निधीतून जाते, त्यात काळजी घेणाऱ्या शेजाऱ्याचेही पैसे असतात. सुरक्षेचा खर्च कमी करा, असे सरकारला सांगण्याचा पहिला अधिकार कोणाचा असेल, तर तो या शेजाऱ्याचा.

बोटे जातात कशी, हे शॉपफ्लोअरवर सर्वांना ठाऊक असते. जुन्या मेकॅनिकल प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पॅडल दाबले की पिन क्लच अडकतो आणि रॅम खाली येतो. एकदा पिन अडकली की तो फटका अर्ध्यावर थांबवण्याची सोय त्या यंत्रात नसते. पिन किंवा तिची स्प्रिंग झिजली, तर पॅडल सोडल्यावरही दुसरा फटका पडतो. नेमका त्याच क्षणी जॉब काढायला हात डायमध्ये गेलेला असतो. अशा प्रेसवर महागडे लाइट कर्टन लावून उपयोग नाही, कारण हात आत आल्याचे सेन्सरला कळले तरी रॅम थांबत नाही. दोन हातांची बटणेही या दुसऱ्या फटक्यापासून वाचवत नाहीत. इथे लागतो तो डायभोवतीचा पक्का गार्ड, ज्याच्या फटीतून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. तो त्याच शॉपमधला वेल्डर उरलेल्या पट्ट्या आणि जाळी वापरून बनवू शकतो. पत्रा सरकवायला घसरण आणि जॉब बाहेर पडायला उतार केला, तर तासाचे जॉबही फारसे घटत नाहीत. म्हणजे जिथे सर्वाधिक बोटे जातात, तिथला उपाय स्वस्तातला आहे. तो होत नाही, कारण तो न केल्याबद्दल मालकाला वर्गणीत काही जादा मोजावे लागत नाही.

वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे अहवाल गेली काही वर्षे प्रसिद्ध होत आहेत. हरियाणातील मानेसर-गुरुग्रामपासून सुरू झालेले हे काम पुण्यापर्यंत आले आहे. जखमींमध्ये मोठा वाटा स्थलांतरित आणि ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचा, आणि बोटे घेणारे सर्वांत मोठे यंत्र म्हणजे पॉवर प्रेस, हे त्यांतून पुन्हा पुन्हा समोर आले. त्यांतली एक नोंद मात्र वाचवत नाही. कामावर रुजू झालेल्या दिवशी ज्याचे ईएसआय कार्ड निघायला हवे, त्या कामगाराचे कार्ड बहुतेक वेळा अपघातानंतर काढले जाते. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण इथे हाडामांसाच्या माणसाला लागू होते, आणि तोवर त्याच्या नावाची वर्गणी वाचवलेली असते.

अपघाताचा जो खर्च मालकाच्या खिशातून जातो, तोही वहीत एका ओळीत कधी दिसत नाही. प्रेस थांबतो, डाय खराब होते, जखमीला रुग्णालयात नेण्यात सुपरवायझरची शिफ्ट जाते, नवा माणूस शिकेपर्यंत रिजेक्शन वाढते, ऑर्डर उशिरा जाते, आणि रक्त पाहिलेले दोघे-तिघे पुढच्या आठवड्यात गावी निघून जातात. हे सगळे ‘नशीब’ या खात्यावर टाकायची सवय आपल्याला लागली आहे.

मग तपासणीने उद्योगाचे नुकसान होते का? या प्रश्नाला अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून मिळालेले उत्तर आपल्या धोरणकर्त्यांनी वाचायला हवे. तिथे काही उद्योगांची सुरक्षा तपासणी सोडत पद्धतीने निवड करून होत असे. त्यामुळे तपासणी झालेल्या आणि न झालेल्या सारख्याच कारखान्यांची तुलना करणे शक्य झाले. २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेव्हिन, टॉफेल आणि जॉन्सन यांनी तिचे निष्कर्ष मांडले. तपासणी झालेल्या ठिकाणी जखमांचे प्रमाण ९.४ टक्क्यांनी घटले, जखमांपोटी होणारा खर्च २६ टक्क्यांनी कमी झाला, आणि रोजगार किंवा विक्री घटल्याचे आढळले नाही. तपासनीस येऊन गेला आणि कारखान्याचे पैसे वाचले, असा याचा सरळ अर्थ.

आपल्याकडे मात्र ‘खर्च कमी करा’ या मागणीचे भाषांतर ‘तपासणी कमी करा’ असे केले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने १३ कायदे एकत्र केले. एक नोंदणी, एक परवाना, एक विवरणपत्र ही तिची दिशा योग्यच आहे. तेच आकडे चार रजिस्टरांत भरण्याने कोणाचे बोट वाचलेले आम्हाला ठाऊक नाही. ते काम करायला छोटा मालक सल्लागार ठेवतो आणि त्याच्या फीलाच ‘सुरक्षेचा खर्च’ म्हणतो. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, आणि दंडातील निम्मी रक्कम जखमी कामगाराला किंवा मृताच्या वारसांना देण्याचा न्यायालयाला अधिकार, याही स्वागतार्ह तरतुदी. पण त्याच संहितेने वीज वापरणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेलाही बंधनकारक आहेत हे खरे. तरीही बारा-पंधरा माणसांचे प्रेस शॉप कारखान्याच्या काटेकोर नियमांतून बाहेर पडते, आणि बोटे जातात ती बहुतांशी अशाच गाळ्यांत.

मोठ्या स्फोटांनंतर आपण काय करतो, हे डोंबिवलीकरांइतके कोणाला माहीत असेल? मे २०१६ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने १२ बळी घेतले. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. मधल्या काळात, ७ जून २०२१ रोजी, मुळशीतल्या उरवड्यात आगीत १७ कामगार होरपळून गेले आणि त्यांत बहुसंख्य महिला होत्या. प्रत्येक वेळी चौकशी समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मनुष्यबळ किती, त्यातले रसायनांचे जाणकार किती, हा प्रश्न मात्र बातमी थंड झाली की मागे पडतो.

नव्या संहितेत निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ म्हटले आहे. त्या शब्दाची भीती बाळगण्यापेक्षा त्यात जीव ओतावा. अमेरिकेत छोट्या उद्योगांना मोफत आणि गोपनीय सुरक्षा सल्ला देणारी सरकारी यंत्रणा दंड करणाऱ्या यंत्रणेपासून वेगळी आहे. सल्लागार येतो, धोके दाखवतो, दंड करत नाही. अट एकच: गंभीर धोका ठरल्या मुदतीत दूर केला पाहिजे. असे काम करायला महाराष्ट्रासारखे राज्य दुसरे नाही. केंद्रीय श्रम संस्था शीवला आहे. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय बेलापूरला आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर येथील छोट्या मालकाला प्रेसचा गार्ड कसा करायचा हे दाखवणारा माणूस या दोन संस्थांच्या आधाराने त्याच्या दारात पोहोचवता येईल. सल्ला फुकट आणि गोपनीय असेल, तर मालक स्वतःहून बोलावतील.

आता मूळ मुद्दा वर्गणीचा. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला, तेव्हापासून तिथे एकेका व्यवसायातल्या मालकांचे विमा संघ आहेत. पूर्ण वर्गणी मालक भरतात. व्यवसायाच्या धोक्याप्रमाणे दर ठरतो आणि अपघातांच्या इतिहासाप्रमाणे अधिभार किंवा सवलत मिळते. अपघात थोपवणारे सल्लागार आणि तपासनीसही याच संघांचे असतात, कारण अपघात टळला तर पैसे संघाचेच वाचतात. हे तत्त्व आपल्याला परके नाही. कारखान्यातील अस्वच्छतेमुळे किंवा आरोग्याचे नियम डावलल्यामुळे आजारपण प्रमाणाबाहेर वाढले, तर जादा खर्च मालकाकडून वसूल करण्याची मुभा आपल्या १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ६९ मध्येच होती. आजाराला जे सुचले, ते अपघाताच्या वर्गणीला लावायला काय हरकत आहे?

एक साधा हिशेब करू. ४० कामगार, प्रत्येकाचे वेतन १८ हजार धरले, तर मालकाची वर्षाची वर्गणी होते २ लाख ८० हजार ८०० रुपये. सुरक्षित ठरलेल्या शॉपला अर्ध्या टक्क्याची सवलत दिली, तर वर्षाला ४३ हजार २०० रुपये वाचतात. तेवढाच अधिभार शेजाऱ्यावर बसला, तर दोघांत वर्षाला ८६ हजारांचा फरक पडतो. कोपऱ्यात पडलेले गार्ड परत बसवायला एवढे कारण पुरेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अपघातांच्या संख्येवर दर ठरवला, तर अपघात लपवले जातील. जखमीला खासगी दवाखान्यात नेऊन चार पैसे हातावर ठेवून गप्प केले जाईल. शिवाय चाळीस माणसांच्या शॉपमध्ये एखादे वर्ष बिनअपघाती जाणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून छोट्या उद्योगांची सवलत अपघातांच्या आकड्याला न बांधता डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना बांधावी: प्रत्येक प्रेसला गार्ड आहे का, क्लचची दुरुस्ती वेळेवर होते का, प्रत्येक कामगाराचे कार्ड रुजू होण्याच्या दिवशीचे आहे का. अपघातानंतर कार्ड काढल्याचे आढळले की अधिभार लागलाच पाहिजे. कार्डाची तारीख महामंडळाच्या संगणकात असतेच, त्यासाठी नवा निरीक्षक नेमावा लागणार नाही.

आणि हा भार फक्त छोट्या मालकावर टाकून चालणार नाही. त्याचा माल घेणारी मोठी वाहन कंपनी दर दहा लाख नगांत किती सदोष निघाले याचा आकडा दर महिन्याला मागते. त्याच प्रेसवर किती बोटे गेली, हे तिने विचारल्याचे क्वचितच ऐकू येते. बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून कामावरील अपघातांची माहिती जाहीर करावी लागते, पण त्यात लक्ष असते ते कंपनीच्या स्वतःच्या आवारावर. पुरवठादाराकडे दरवर्षी भाव उतरवून मागणाऱ्या कंपनीने त्याच्या गार्डची आणि ईएसआय कार्डांची तपासणी गुणवत्तेच्या तपासणीबरोबरच करावी, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला भाव उतरवण्यातून सूट द्यावी. गुणवत्ता तपासायला जाणारा माणूसच आणखी एक तपासणी करून येईल, वेगळा खर्च नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. पिन क्लचच्या प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाराव्या तासाचा विचार त्या निर्णयात झाला असेल असे मानायला आधार दिसत नाही. नव्या संहितांखालील राज्याच्या नियमांत निदान एवढे लिहावे, की ज्या शॉपमध्ये गार्ड नसलेला एकही प्रेस चालू आहे, तिथे नऊ तासांपलीकडे त्या प्रेसवर कोणालाही उभे करता येणार नाही. राज्यात असे प्रेस किती आणि कुठे आहेत याची यादी करण्याचे काम संचालनालयाने भोसरी आणि चाकणपासून सुरू करावे.