मशीनला परवाना आहे, मशीन चालवणाऱ्याचे काय?

जुलै 2025 मधली घटना. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर, वेस्टबरी नावाच्या गावी, एका खासगी केंद्रात एक महिला गुडघ्याचा एमआरआय काढायला गेली होती. तपासणी झाल्यावर टेबलावरून उठायला आधार हवा म्हणून तिने नवऱ्याला आत बोलवायला सांगितले. 61 वर्षांचे ते गृहस्थ व्यायामासाठी वापरायची सुमारे नऊ किलोची साखळी गळ्यात तशीच ठेवून खोलीत शिरले. चुंबकाने त्यांना क्षणात खेचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

बातमी जगभर गेली. पाठोपाठ एक गोष्ट उघड झाली आणि ती अनेकांना खरीच वाटेना. एमआरआयच्या खोलीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला दाराशीच थांबवायचे, हे ज्याच्या हातात असते त्या तंत्रज्ञाला न्यूयॉर्क राज्याचा परवाना लागत नाही.

हे राज्य या बाबतीत मागासलेले असते तर गोष्ट वेगळी होती. एक्स-रे काढणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या राज्यांत न्यूयॉर्कचे नाव येते. 1960च्या दशकात न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया यांनी असे कायदे केले. मात्र ते कायदे किरणोत्साराच्या भीतीतून जन्मले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तिथे प्रचंड ताकदीचे चुंबक आणि रेडिओ लहरी काम करतात. किरण नाहीत म्हणून परवाना नाही, असा सरळ हिशेब झाला. याच राज्यात 2001 मध्ये वेस्टचेस्टर मेडिकल सेंटरमध्ये सहा वर्षांच्या एका मुलाचा एमआरआय सुरू असताना खोलीत ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर आणला गेला होता. चुंबकाने तो ओढला आणि मुलगा दगावला. त्यानंतर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2002 मध्ये एमआरआय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्राचे चार विभाग पाडायचे, चुंबकाच्या खोलीत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय कोणालाही सोडायचे नाही, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. पण मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कायदा नव्हे. त्या मुलाच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी त्याच राज्यात तसाच बळी गेला.

अमेरिकेत तंत्रज्ञांच्या परवान्याची घडी कशी बसली आणि कुठे बसली नाही, हे मराठी वाचकांनी समजून घ्यायला हवे, कारण भारत आज नेमक्या त्याच वळणावर उभा आहे.

अमेरिकेची संसद 1981 मध्ये या प्रश्नाला भिडली. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांच्या प्रयत्नांतून ‘कन्झ्युमर-पेशंट रेडिएशन हेल्थ अँड सेफ्टी ॲक्ट’ मंजूर झाला. वैद्यकीय किरणोत्सार वापरणाऱ्या माणसांचे शिक्षण आणि पात्रता यांची किमान मानके केंद्राने ठरवायची, असे त्यात होते, आणि 1985 मध्ये ती मानके जाहीरही झाली. पण ती स्वीकारायची की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले. न स्वीकारणाऱ्या राज्याला दंड नाही, निधीत कपातही नाही. परिणाम अपेक्षित होता तोच झाला. बहुतेक राज्यांनी आपापल्या परीने कायदे केले आणि काहींनी विषयाला हातच लावला नाही. मिसुरी, अलाबामा, आयडाहो ही राज्ये वर्षानुवर्षे तंत्रज्ञाच्या परवान्याविना चालली. नेवाडाचा कायदा 2019 मध्ये झाला. केस कापायला राज्याचा परवाना हवा, पण माणसाच्या शरीरातून क्ष-किरण सोडायला नको, अशी स्थिती काही राज्यांत दशकानुदशके टिकून राहिली.

ही त्रुटी दूर करायला तंत्रज्ञांच्याच संघटना पुढे सरसावल्या. ‘केअर’ या नावाने ओळखले जाणारे विधेयक त्यांनी संसदेत पुन्हा पुन्हा मांडायला लावले. डिसेंबर 2006 मध्ये सिनेटने ते मंजूरही केले. प्रतिनिधिगृहात मात्र ते पुढे सरकले नाही आणि मुदत संपताच बाद झाले.

मग अमेरिकेतला दर्जा टिकला तरी कशावर? प्रामुख्याने 1922 मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरआरटी’ या नोंदणी संस्थेवर. ही सरकारी संस्था नाही. तरीही आज तिच्या नोंदणीत साडेतीन लाखांच्या आसपास तंत्रज्ञ आहेत. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, 2015 पासून किमान सहयोगी पदवी, नीतिमत्तेची तपासणी आणि परीक्षा, एवढे पार केल्यावर नाव नोंदवले जाते. परीक्षेसाठी तीन वर्षांत तीनच संधी मिळतात. पुढे दर दोन वर्षांनी सतत शिक्षणाचे 24 गुण मिळवावे लागतात. बहुतेक परवाना देणारी राज्ये याच परीक्षेचा निकाल ग्राह्य धरतात. पण जिथे कायदाच नाही तिथे ही नोंदणी ऐच्छिक ठरते. मोठी रुग्णालये ती आग्रहाने मागतात. एखाद्या छोट्या दवाखान्यात स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्यानेच बटण दाबले तर त्याला अडवणारे कोणी नसते.

बटण दाबण्यात एवढे काय आहे, असे अनेकांना वाटते. रुग्णाला नेमक्या कोनात ठेवणे, किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळणे, सडपातळ आजी आणि धिप्पाड तरुण यांच्यासाठी वेगळी मात्रा निवडणे, तरुण स्त्रीला गरोदरपणाविषयी विचारणे, रडणारे मूल हलणार नाही अशी व्यवस्था करणे, हे सारे त्या बटणाच्या आधी करायचे असते. यातले एक जरी चुकले तरी एक्स-रे पुन्हा काढावा लागतो आणि मात्रा दुप्पट होते. किंवा धूसर फोटो तसाच पुढे जातो आणि त्यातली बारीक भेग डॉक्टरांना दिसतच नाही. सीटीमध्ये तर एका तपासणीची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभर पटींच्या घरात जाऊ शकते. अहवाल लिहिणारे रेडिओलॉजिस्ट त्या क्षणी खोलीत नसतात. बऱ्याचदा त्या शहरातही नसतात. रुग्णासमोर असतो तो फक्त तंत्रज्ञ.

या व्यवसायाने आपली किंमत फार लवकर मोजली आहे. रंटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधल्यावर थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा सहाय्यक वर्षानुवर्षे आपलेच हात किरणांत धरून नळ्या तपासत असे. आधी हात गेले आणि 1904 मध्ये जीव गेला. डॅलीची ही अवस्था पाहून एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले.

केंद्र सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते, हेही अमेरिकेनेच दाखवले आहे. स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचा दर्जा केंद्रागणिक बदलतो, हे लक्षात आल्यावर 1992 मध्ये मॅमोग्राफीसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात राज्यांच्या मर्जीला जागा ठेवली नाही. मॅमोग्राफी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे राज्याचा परवाना किंवा मान्य नोंदणी हवीच; शिवाय 40 तासांचे खास प्रशिक्षण, देखरेखीखाली 25 तपासण्या, पुढे दर दोन वर्षांत किमान 200 तपासण्यांचा सराव. नियम न पाळणाऱ्या केंद्राला मॅमोग्राफी करताच येत नाही. खेड्यापाड्यांत तपासणी बंद पडेल, अशी भीती तेव्हाही घातली गेली होती. कायदा गेली तीस वर्षे पाळला जातो आहे. ज्या बाईच्या मॅमोग्राफीसाठी एवढी काळजी घेतली जाते, तिच्या छातीच्या किंवा कमरेच्या एक्स-रेसाठी ती का नको, याचे पटेल असे उत्तर कोणी दिलेले नाही.

परवान्याच्या विरोधातले आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवेत. ग्रामीण भागात माणसे मिळत नाहीत, हा पहिला. त्यावर अनेक अमेरिकी राज्यांनी मर्यादित परवान्याची वाट काढली: छाती, हातपाय अशा ठरावीक भागांचेच एक्स-रे काढण्याची मुभा, कमी मुदतीचे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा. ही तडजोड आहे, पण माणूस कोण आणि त्याला काय येते याची नोंद राज्याकडे राहते.

परवाना असूनही चुका होतातच, हा दुसरा आक्षेप, आणि तो खराही आहे. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात 2008 पासून अठरा महिने मेंदूच्या सीटी तपासणीत 200हून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट मात्रा गेली. 2009 मध्ये एका रुग्णाचे केस गळाल्यावर प्रकार उघडकीस आला. दर तपासणीला मात्रेचा आकडा पडद्यावर उमटत होता आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. कॅलिफोर्नियातच 2008 मध्ये आर्केटा गावच्या रुग्णालयात एका चिमुकल्याच्या सीटीला तासाहून अधिक वेळ लागला आणि दीडशेच्या आसपास वेळा किरण सोडले गेले. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. राज्याकडे परवान्याचा लगाम असल्यामुळे आर्केटातल्या तंत्रज्ञाची चौकशी झाली आणि परवाना गमवावा लागला. म्हणजे शेजारच्या गावात जाऊन तेच काम पुन्हा सुरू करण्याची वाट बंद झाली. आणि सीटीची मात्रा नोंदवणे, अतिमात्रा झाल्यास कळवणे बंधनकारक करणारा कायदा कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये केला. चूक घडल्यावर जाब कोणाला विचारायचा, हे तिथे ठरलेले होते.

आता भारताकडे वळू. मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून देशातल्या किरणोत्साराच्या सुरक्षेवर लक्ष ठेवते. 2004च्या नियमांनुसार एक्स-रे किंवा सीटी मशीन चालवायला या मंडळाची परवानगी लागते. खोलीची रचना, भिंतींची जाडी, कर्मचाऱ्यांना मिळालेली किरणांची मात्रा मोजणारे टीएलडी बॅज, सगळे तपासले जाते. मशीन चालवणारा पात्र असावा, असेही नियम सांगतात. पण परवानगी मिळते ती मशीनला आणि मशीनच्या मालकाला. तंत्रज्ञाच्या नावाचा, देशभर पडताळता येईल असा परवाना त्यातून तयार होत नाही. आणि एमआरआय तर किरणोत्साराच्या कक्षेबाहेरच राहतो, अगदी न्यूयॉर्कसारखा.

त्याची किंमत मुंबईने मोजली आहे. 27 जानेवारी 2018 रोजी नायर रुग्णालयात एका रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला आणि चुंबकाकडे ओढला जाऊन मरण पावला. मशीन बंद आहे, असे कर्मचाऱ्याने सांगितल्याचे नातेवाइकांचे म्हणणे होते. तपासणी चालू नसली तरी एमआरआयचे चुंबक कायम जिवंत असते, ही त्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी अशी पहिली गोष्ट. ती शिकवली गेली की नाही, याची खात्री करून घेणारी यंत्रणाच नव्हती.

खरे तर कागदावर भारत आज न्यूयॉर्कच्या पुढे आहे. मार्च 2021 मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी आणि इमेजिंग तंत्रज्ञ हा व्यवसाय नावानिशी येतो आणि त्यात एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफीबरोबर एमआरआयचाही स्पष्ट उल्लेख आहे. किमान 2,000 तासांची पदविका किंवा 3,600 तासांची पदवी, राज्य परिषदेकडे नोंदणी आणि केंद्रीय नोंदवही, असा हा आराखडा. अमेरिकेच्या 1981च्या कायद्यात जी ढिलाई राहिली ती इथे नाही. राज्यांना परिषद स्थापन करावीच लागते. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, कारण तोवर जेमतेम 14 राज्यांनी परिषदा नेमल्या होत्या आणि त्याही चालत नव्हत्या.

महाराष्ट्राला शून्यातून सुरुवात करायची नाही. राज्याच्या स्वतंत्र कायद्याने आलेली पॅरामेडिकल कौन्सिल इथे आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे. सरकारी रुग्णालयांत क्ष-किरण तंत्रज्ञांची मंजूर पदे आहेत. दुसऱ्या बाजूला थोड्या महिन्यांत टेक्निशियन बनवून नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीही गावोगावी दिसतात. कर्ज काढून अशा अभ्यासक्रमाची फी भरणाऱ्या मुलामुलींना फसवणूक कळते ती नोंदणीच्या दारात. कायद्याची कडक अंमलबजावणी रुग्णाइतकीच या मुलांच्याही हिताची आहे.

राज्य सरकारने तीन कामे तातडीने हाती घ्यावीत. पहिले, तंत्रज्ञांची नोंदवही कोणत्याही नागरिकाला मोबाइलवर नाव टाकून पाहता येईल अशी खुली करावी, आणि प्रत्येक केंद्राच्या दर्शनी भागात मशीनच्या परवान्याशेजारी कामावरच्या तंत्रज्ञाचे नाव आणि नोंदणी क्रमांक लावणे सक्तीचे करावे. दुसरे, वर्षानुवर्षे इमानाने काम करणाऱ्या पण पुरेशी पदविका नसलेल्या तंत्रज्ञांना एका फटक्यात बाहेर काढू नये. त्यांच्यासाठी मुदतीचे प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिक परीक्षा ठेवावी, म्हणजे गडचिरोली-नंदुरबारमधली केंद्रे ओस पडणार नाहीत. तिसरे, एमआरआयच्या दाराशी उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला, त्यात वॉर्डबॉय आणि आयाही आल्या, चुंबकाच्या सुरक्षेचे प्रमाणित प्रशिक्षण दिल्याशिवाय त्या विभागात नेमणूकच देऊ नये. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. 2021चा कायदा, राज्याची कौन्सिल आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एवढे पुरेसे आहे, आणि हे काम कधी पूर्ण होणार याची तारीख आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांनी विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात सांगायला हवी.