‘सवय होऊन जाईल’ असे नव्या ड्रायव्हरला सांगू नका

रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात केळीची कापणी सकाळीच सुरू होते. घड बागेबाहेर काढायचे, गाडीत रचायचे, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे. हे सगळे उरकून गाडी निघेपर्यंत दिवस मावळलेला असतो. गाडी चालवणारा माणूसही सकाळपासून तिथेच असतो. कधी कागदपत्रांमागे, कधी टायरच्या हवेमागे, कधी नुसताच उन्हात ताटकळत. मालकाच्या हिशेबात त्याचे काम स्टिअरिंग हातात घेतल्यावर सुरू होते. मेंदूच्या हिशेबात ते पहाटे डोळे उघडले तेव्हाच सुरू झालेले असते.

साधा हिशेब करू. सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री आठला सावद्याहून निघाला. अकरा वाजता त्याला जागे राहून सतरा तास झाले. प्रयोगशाळेत हे मोजून पाहिलेले आहे. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया द्यायची गती आणि एकाग्रता रक्तात १०० मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, तो इंदूर-इच्छापूर रस्त्यावर मध्यरात्रीच्या आधीच दारुड्याच्या पंक्तीला जाऊन बसलेला असतो. पहाटे तीनला, इंदूरच्या अलीकडचा घाट चढताना, त्याला जागे राहून एकवीस तास झालेले असतात. तोंडाजवळ धरायच्या यंत्रात मात्र शून्य येते.

लाइनवर पहिल्यांदाच निघालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला हे कुणी सांगत नाही. त्याला सांगितले जाते ते एकच: ‘‘सुरुवातीला जड जाईल भाऊ, मग सवय होऊन जाईल.’’ जळगाव-धुळ्याच्या ट्रान्सपोर्ट व्यवसायात हे वाक्य आपुलकीनेच बोलले जाते आणि ते चुकीचे आहे.

गिअरची सवय होते, घाटाची होते, ढाब्यावरच्या तिखटाचीही होते. अपुऱ्या झोपेची होत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिले गेले. त्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत राहिली आणि दोन आठवड्यांनी एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला पोहोचली. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. ‘तुम्हाला किती झोप येते आहे?’ असे त्यांना रोज विचारले जात होते. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरात फारसा फरक पडेना. ते ढासळत होते, पण त्यांना ते जाणवत नव्हते. नवा ड्रायव्हर पंधरा दिवसांनी ‘आता जमतंय’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. धोका ओळखण्याची त्याची जाणीवच बोथट झालेली असते. शिवाय तरुणाला जास्त जागता येते ही समजूतही उलटी आहे. अपुऱ्या झोपेचा फटका वयस्कर ड्रायव्हरपेक्षा तरुणाच्या लक्षावर सहसा अधिक बसतो.

जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि झोपेचा दाब वाढवते. ते ओसरते फक्त झोपेने. चहा-कॉफीतले कॅफिन त्याचा परिणाम काही काळ रोखते, पण साचलेले तसेच राहते. त्यातच शरीराचे स्वतःचे घड्याळ पहाटे दोन ते पाच या वेळात सतर्कता सर्वात खाली नेते. दुपारी जेवणानंतर एक छोटी घसरण असते ती वेगळी. साचलेली झोप आणि पहाटेची घसरण एकत्र आली की मेंदू परवानगी न मागता काही सेकंद बंद होतो. यालाच मायक्रोस्लीप म्हणतात. कधी कधी डोळे उघडेही असतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी ६५ मीटरहून पुढे जाते आणि तेवढे अंतर ती कुणीच चालवत नसते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘चालकाचा डोळा लागल्याने’. जणू त्याने तो लावून घेतला.

जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीवरून देशभर ट्रकचालक संपावर गेले होते. त्या तरतुदीच्या बऱ्या-वाईटावर खूप चर्चा झाली. शिक्षेचे भय वाटायला माणूस जागा असावा लागतो, हा मुद्दा त्या चर्चेत मला फारसा दिसला नाही.

खानदेशात या सगळ्यावर उन्हाची भर आहे. झोप लागायची तर शरीराचे आतले तापमान थोडे खाली यावे लागते. रात्रभर गाडी चालवून सकाळी धुळ्याजवळ थांबलेल्या ड्रायव्हरने मे महिन्यात, बाहेर ४४-४५ अंश असताना, पत्र्याच्या केबिनमध्ये ते कसे आणायचे? दिवसाची झोप मुळातच तुटक आणि कमी तासांची असते, कारण शरीराचे घड्याळ तेव्हा जागे राहा म्हणत असते. उकाड्यात तीही जाते. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो नियम नाही. शिवाय केबिनचा एसी साधारणपणे इंजिनावर चालतो. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपले तर डिझेल जळते आणि डिझेलचा अॅव्हरेज ड्रायव्हरच्या माथी बसतो. म्हणजे एसी चालवताना मिळाला, झोपताना नाही. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारे असे मोठे महामार्ग जिथे एकत्र येतात त्या धुळ्यात ट्रकसाठी सावली, पाणी, शौचालय आणि राखण असलेला थांबा ही आरोग्यसेवाच मानली पाहिजे. दवाखाना बांधतो त्याच गांभीर्याने तो बांधावा. राखण नसेल तर डिझेल आणि माल चोरीला जाण्याच्या धास्तीने माणूस एक डोळा उघडा ठेवूनच पडतो.

कायदा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्येच संसदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही चालकांच्या कामाच्या तासांसाठी त्याच मर्यादेकडे बोट दाखवले. आता सावदा ते दिल्ली हे साधारण अकराशे किलोमीटरचे अंतर घ्या. ट्रकचा सरासरी वेग ताशी चाळीस धरला तरी सत्तावीस-अठ्ठावीस तासांचे निव्वळ ड्रायव्हिंग होते. दिवसाला आठ तास धरले तर चौथा दिवस उजाडतो. व्यापाऱ्याने ‘परवा सकाळी गाडी मंडीत पाहिजे’ म्हटले आणि गाडीवर एकच ड्रायव्हर असला, की त्या एका वाक्यात कायदा मोडलेला असतो. मोडणारा मात्र केबिनमध्ये बसलेला नसतो.

केळी नाशवंत आहे, थांबता येत नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. कापलेला घड पिकायची वाट पाहत नाही. पण मग लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर लागतात, एवढाच त्याचा अर्थ निघतो. पूर्वी सोबत क्लीनर असायचा. तो गाडी चालवत नसला तरी बोलायला, मागे बघायला, ‘उस्ताद, बाजूला घ्या’ म्हणायला असायचा. नवा ड्रायव्हर घडायचाही त्याच जागेवर. २०२५ च्या संपात राज्यातल्या वाहतूकदारांच्या मागण्यांत क्लीनरची सक्ती रद्द करावी ही मागणी होती. भाडे परवडत नाही, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण दुसऱ्या माणसाचा पगार भाड्यात बसत नसेल तर भाडे कमी आहे. त्याची भरपाई पोराच्या झोपेतून करता येणार नाही.

तास मोजणे अवघड आहे, हीही सबब आता उरलेली नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे गाडी कुठल्या टोलवरून किती वाजता गेली हे फास्टॅग सांगतो. अनेक मालकांनी जीपीएसही बसवले आहे. ‘गाडी का थांबली?’ असा फोन त्यावरूनच येतो. ‘सहा तास झाले, गाडी का थांबली नाही?’ असाही फोन त्याच यंत्रावरून करता येतो. जळगाव-धुळ्यातल्या चार मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी आणि केळीच्या व्यापाऱ्यांनी ठरवले तर यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

तोवर नव्या ड्रायव्हरने काय करावे? गाडी भरत असताना तिथे उभे राहू नये. माल मोजायला दुसरा माणूस मागावा आणि निघण्याआधी दीड-दोन तास सावलीत झोपावे. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकत असेल, जांभया थांबत नसतील, तर पुढच्या सुरक्षित थांब्यावर गाडी उभी करावी. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा असर काही मिनिटांचा. तंबाखू-गुटख्याने झोप भरून निघत नाही, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तेवढा वाढतो. त्यापेक्षा चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दीर्घ झोपेतून उठल्यावर मात्र लगेच गाडी सुरू करू नये, डोके ताळ्यावर यायला पंधरा-वीस मिनिटे, कधी अर्धा तासही लागतो. सर्दी-खोकल्याच्या अनेक साध्या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा मेडिकलवाल्याला ‘मी रात्री ट्रक चालवतो’ हे आधी सांगावे. आणि थांबावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणे खानदेशच्या उन्हात मुतखड्याला निमंत्रण आहे.

मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकून दचकणारा आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंगणारा ड्रायव्हर असेल तर त्याला झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार असू शकतो. तो उपचाराने आटोक्यात येतो. लायसन्सच्या अर्जासोबतच्या आरोग्य घोषणेत फिट येते का, नजर कशी आहे, हे विचारतात. घोरण्याचे कुणी विचारत नाही. आरटीओच्या आणि ट्रान्सपोर्ट संघटनांच्या आरोग्य शिबिरांत डोळे, रक्तदाब, साखर तपासताना हा एक प्रश्न वाढवायला पैसे लागत नाहीत. उत्तर घरच्यांना विचारावे, कारण घोरणाऱ्याला स्वतःला ते ठाऊक नसते.