भूजलाचा ताळेबंद

सन 2002 मध्ये अंतराळात गेलेल्या 'ग्रेस' या उपग्रहांच्या जोडीने, परस्परांमधील सुमारे 220 किलोमीटरांच्या अंतरात पडणारा सूक्ष्म फरक मोजून, भूगर्भातील जलसाठ्याची घटवाढ गुरुत्वाकर्षणावरून ताडण्याची जी विद्या शास्त्रज्ञांच्या हाती दिली, ती खचितच विस्मयकारक होय. परंतु शेकडो किलोमीटरांच्या टापूचा हिशेब सांगणाऱ्या या साधनास एका शिवारातील विहिरीची खबर कोठून असणार? महाराष्ट्राचा बहुतांश प्रदेश काळ्या कातळाचा असून, पाणी त्याच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या मुरमात तेवढे साठते. म्हणून बांधाच्या अलीकडची विहीर तुडुंब आणि पलीकडची कोरडी, हा प्रकार येथे नित्याचाच. अशा मुलखात हिवरे बाजार या गावाने पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून दरसाल पाण्याचा जमाखर्च मांडून ग्रामसभेत पिके ठरविण्याचा, व सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा, जो दंडक पाळला, तो आम्हांस उपग्रहाइतकाच शास्त्रीय वाटतो. खोल विहिरींस, म्हणजे 60 मीटर वा अधिक खोलीच्या, पायबंद घालणारा 2009 चा कायदा सरकारदप्तरी आहेच. बोअरच्या गाड्या मात्र रात्री-अपरात्री बिनदिक्कत फिरतात, आणि त्यांची नोंदणी त्याच कायद्याने सक्तीची असता ती तपासण्याची तसदी कोणती कचेरी घेते, हे सरकारने एकदा जाहीर करावे.